गुण आला, पण कशाचा?

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. त्यांच्या खिशात खडूच्या तुकड्यांबरोबर ओव्याची एक छोटी डबी कायम असे. पहिल्या तासाआधी ते हमखास दोनदा शौचाला जाऊन येत. शाळा तपासणी असली की तिसऱ्यांदा. वर्गाच्या सहलीला जायचे ते टाळत, कारण वाटेत 'सोय' असेल की नाही याची धास्ती. पोटात कळ आली की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावून खायचा. अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटे. "मला ओव्याचा गुण येतो," असे ते ठामपणे सांगत. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी बडीशेप, पुदिन्याचा अर्क, बेलाचा मुरंबा, इसबगोल असे सगळे करून पाहिले होते. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येकाचा त्यांना काही दिवस गुण आला होता.

हा 'गुण येणे' म्हणजे नेमके काय? ओवा खाल्ला आणि बरे वाटले, एवढ्यावरून ओव्यामुळे बरे वाटले असे म्हणता येईल का? हा प्रश्न कोणत्याही औषधाबद्दल विचारता येतो. पण सरांच्या आजारात तो जितका अवघड होऊन बसतो तितका फार थोड्या आजारांत होत असेल.

या आजाराला डॉक्टर 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' किंवा थोडक्यात आयबीएस म्हणतात. मराठीत सर्वमान्य शब्द नाही. आपण 'चिडखोर आतडे' म्हणू या. पोटात वारंवार दुखते, शौचाला गेल्यावर ते दुखणे कमी होते किंवा कधी वाढते. कुणाला दिवसातून चार-पाच वेळा पातळ होते, कुणाला खड्यासारखे होते, तर कुणाला आलटून पालटून दोन्ही. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'रोम निकषां'च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी आणि स्वरूपातील बदलाशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असेल, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने तरी उलटले असतील, तर आयबीएसचे निदान करता येते. ३३ देशांत झालेली एक मोठी पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ज्या देशांत इंटरनेटवरून प्रश्नावली भरून घेतली, तिथे शंभर प्रौढांमागे सुमारे चार जण या निकषांत बसले.

दुर्बिणीतून आतडे पाहिले तर जखम नाही, सूज नाही, गाठ नाही. म्हणून पूर्वी "काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत" असे सांगून रुग्णाची बोळवण होत असे. आपल्याकडे आणखी एक वहिवाट आहे. "जुनी आव आहे" असे म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जंतावरच्या किंवा आवेच्या गोळ्यांचा मारा करायचा. विष्ठेच्या तपासणीत आवेचे जंतू सापडोत वा न सापडोत!

मनाचे खेळ म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण आतड्याला स्वतःचे असे मज्जातंतूंचे जाळे आहे. ब्रिटनमधील बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी १८९९ साली दाखवून दिले, की कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी आतडे आपले काम करत राहते. आत एखादी वस्तू आली की तिच्या मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल होतो, आणि वस्तू पुढे ढकलली जाते. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. त्यांचा मेंदूशी दोन्ही बाजूंनी संवाद चालू असतो. चिडखोर आतड्यात बिघाड असतो तो या संवादात. १९७३ साली रिची या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक लहान फुगा ठेवून त्यात ६० मिलिलिटर हवा भरली. निरोगी माणसांपैकी सहा टक्क्यांना दुखले, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. ताण तोच, पण इतरांच्या मेंदूपर्यंत जी कुरकुर पोचतही नाही, ती या रुग्णांना कळ म्हणून जाणवते.

हा बिघाड कधी कधी एखाद्या साध्या हगवणीनंतरही सुरू होतो. कॅनडातील वॉकरटन गावात मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित होऊन सुमारे २३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. दोन-तीन वर्षांनी पाहणी केली तेव्हा त्या वेळी हगवण झाल्याचे निश्चित झालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांना आयबीएस होता. ज्यांना त्या वेळी काहीच झाले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होते. जंतू केव्हाच गेले होते, आतड्याचा चिडखोरपणा मागे राहिला होता.

आता गुणाकडे वळू. वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन फासे द्या. रोज एकदा फासे टाकायचे आणि बेरीज वहीत लिहायची. ही बेरीज म्हणजे त्या दिवशीची पोटदुखी. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली, की त्या दिवशी 'औषध' घ्यायचे. औषध म्हणून एक शेंगदाणा पुरे. दुसऱ्या दिवशीची बेरीज दहापेक्षा कमी आली तर 'गुण आला' असे लिहायचे. महिनाअखेर हिशेब करा. शेंगदाण्याचा गुण सहापैकी पाच वेळा, म्हणजे ८३ टक्के वेळा आलेला दिसेल! दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी दहा, अकरा किंवा बारा बेरीज येण्याच्या शक्यता फक्त सहा आहेत, हे गणित नववीच्या मुलांना मांडता येईल. पोट म्हणजे काही फासे नव्हेत, पण चिडखोर आतड्याची तक्रार अशीच चढते-उतरते. दुखणे टिपेला पोचते तेव्हाच माणूस डबी उघडतो, आणि टिपेनंतर उतार असतोच. सरांना अर्ध्या तासात बरे वाटे, त्यातला काही भाग निव्वळ काळाचा होता.

दुसरा भाग आणखी मजेचा आहे. मराठीत 'हातगुण' असा एक सुरेख शब्द आहे. अमुक डॉक्टरांचा, अमुक वैद्यांचा हातगुण चांगला, असे आपण म्हणतो. हा हातगुण मोजता येतो का? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या टेड कॅप्चुक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आयबीएसचे २६२ रुग्ण होते. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला फक्त प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्यावर बनावट अ‍ॅक्युपंक्चर केले. सुई टोचल्यासारखी वाटे, पण कातडीत शिरतच नसे. उपचार करणारा फारसे बोलतही नसे. तिसऱ्यावर हीच बनावट सुई, पण आधी पाऊण तास बसून आपुलकीने विचारपूस. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के होते, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के. खरे औषध कुणालाच दिलेले नव्हते.

याच गटाने २०१० साली ८० रुग्णांवर केलेला प्रयोग तर बुचकळ्यात टाकणारा आहे. निम्म्या रुग्णांना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितले, की या गोळ्यांत औषध नाही. तरीही त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना आराम वाटला. गोळ्या न दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. अशा औषध नसलेल्या औषधाला 'प्लासिबो' म्हणतात. आयबीएसमध्ये प्लासिबोने दहापैकी तीन-चार जणांना बरे वाटणे हे नेहमीचेच आहे. म्हणजे "आमच्या चूर्णाने शंभरपैकी चाळीस रुग्णांना गुण आला" हे विधान अगदी खरे असेल आणि तरीही त्यातून चूर्णाबद्दल काहीच कळत नसेल. चूर्ण आणि हुबेहूब तसेच दिसणारे खोटे चूर्ण, कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशी तुलना हवी. दोन आकड्यांमध्ये जो फरक पडेल तेवढाच औषधाचा म्हणायचा.

अशा कसोटीवर घरगुती आणि वनस्पतिज उपायांचे काय होते? सर्वांत जास्त तपासला गेलेला उपाय आहे पेपरमिंटचे तेल. इथे सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. चटणीसाठी भाजीवालीकडून आणतो तो पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे. आपल्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो. पेपरमिंट हा या पुदिन्याचा आणि पाणथळ जागी वाढणाऱ्या दुसऱ्या एका पुदिन्याचा संकर. त्याच्या तेलात भर असतो मेंथॉलचा. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात 'मेंथा' म्हणून ज्याची शेती होते तो तिसराच, जपानी पुदिना. बाजारातले बहुतेक नैसर्गिक मेंथॉल त्याच्यापासून निघते. तेव्हा पेपरमिंटच्या चाचण्यांचा दाखला देऊन पुदिन्याची चटणी खाणे म्हणजे आंब्याची परीक्षा घेऊन फणसाला गुण देण्यासारखे आहे. (चटणी जरूर खावी, चवीसाठी.)

मेंथॉल आतड्यात काय करते हे बऱ्यापैकी समजले आहे. आतड्याच्या भिंतीतला स्नायू आकुंचन पावतो तो त्याच्या पेशींत कॅल्शियमचे आयन शिरतात म्हणून. ज्या सूक्ष्म दारांतून ते शिरतात ती दारे मेंथॉल अडवते. स्नायू सैलावतो, पेटका उतरतो. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना पेटका येऊन वाट अडते, तेव्हा तिथे पेपरमिंटचे तेल सोडले तर पेटका सुटतो, हे १९८२ सालीच नोंदले गेले आहे. मेंथॉलचे आणखी एक काम आपल्या ओळखीचे आहे. पेपरमिंटची गोळी चघळून पाणी प्यायले की तोंड गार पडल्यासारखे वाटते. तापमापी लावून पाहा, तोंडाचे तापमान उतरलेले नसते. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरची घंटा परस्पर वाजवते. ही घंटा, म्हणजे एक विशिष्ट प्रथिन, २००२ साली दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधली. त्या प्रयोगशाळांचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरील कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हीच प्रथिने आतड्यातही आहेत आणि तिथल्या दुखऱ्या संवेदना बोथट करण्यात त्यांचा वाटा असावा, असे मानले जाते.

तेल नुसते प्यायले तर मात्र अडचण होते. जठराच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायूही मेंथॉलने सैल पडतो, आम्ल वर येते आणि छातीत जळजळते. म्हणून साधारण ०.२ मिलिलिटर तेल अशा आवरणाच्या कॅप्सूलमध्ये भरतात, की ते जठरातल्या आम्लात विरघळत नाही, आतड्यात पोचल्यावर विरघळते. ही कॅप्सूल चावायची नसते हे वेगळे सांगायला नको. वेल्समधील कार्डिफच्या डॉक्टरांनी १९७९ साली मोजक्या रुग्णांवर पहिली चाचणी केली आणि तेल प्लासिबोपेक्षा सरस ठरले. पुढे अनेक चाचण्या झाल्या. त्यांतल्या १२ चाचण्यांमधील ८३५ रुग्णांचा हिशेब २०१९ साली एकत्र मांडला गेला, तोही तेलाच्या बाजूने लागला. पण यातल्या बऱ्याच चाचण्या लहान, अल्पकाळ चाललेल्या. शिवाय पेपरमिंटचा ढेकर आला की आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे रुग्णाला कळणारच, मग 'ठाऊक नाही' ही अट राहिली कुठे?

२०२० साली नेदरलँड्समधील चार रुग्णालयांतून बरीच काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे १९० रुग्ण, आठ आठवडे. पोटदुखी निदान ३० टक्क्यांनी कमी झाली असे किती रुग्ण, हा मुख्य प्रश्न. लहान आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूलच्या गटात ४७ टक्के, प्लासिबोच्या गटात ३४ टक्के. तेल पुढे दिसते खरे. पण तेलात काहीच दम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात १७ होती, म्हणून संशोधकांनी मुख्य प्रश्नाचे उत्तर 'सिद्ध झाले नाही' असेच दिले. दुखण्याची एकूण तीव्रता मोजली तेव्हा मात्र या कॅप्सूलने थोडा जास्त आराम पडल्याचे दिसले. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पेपरमिंट सुचवले आहे, पण पुरावा कमी प्रतीचा आहे असे सोबत नोंदवूनच. मला स्वतःला ही भाषा आवडते. बाटलीवरच्या चिठ्ठीत ती कधी वाचायला मिळत नाही.

आपल्या परिचयाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा, उपाय म्हणजे इसबगोल. फारसीत 'अस्प' म्हणजे घोडा. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव. गुजरात आणि राजस्थानात याचे मोठे पीक येते, आणि उत्तर गुजरातेतले उंझा ही त्याची प्रसिद्ध बाजारपेठ. एका पेल्यात पाणी घेऊन चमचाभर भुशी घाला आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर्गाला दाखवा. पेल्यात लापशीसारखा गोळा झालेला असतो. पोटात हेच घडते. त्यामुळे कठीण मल मऊ होतो, आणि पातळ असेल तर त्यातले पाणी धरले जाऊन त्याला आकार येतो. एकच वस्तू दोन उलट्या तक्रारींवर का चालते, त्याचे कोडे या पेल्यात सुटते. शिवाय आतड्यातले जीवाणू ही भुशी फारशी आंबवत नाहीत, त्यामुळे वायू कमी धरतो.

नेदरलँड्समध्येच २७५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच गव्हाचा कोंडा आणि तिसऱ्याला तांदळाचे पीठ दिले. पहिल्या महिन्यात आराम पडलेले रुग्ण अनुक्रमे ५७, ४० आणि ३५ टक्के. कोंड्याच्या गटातले बरेच जण तर त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले. 'चोथा खा, पोट साफ होईल' हा सल्ला चिडखोर आतड्याला सरसकट लागू पडत नाही तो असा. इसबगोल मात्र भरपूर पाण्याबरोबरच घ्यायला हवा. कोरडा फाकला तर तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो.

बेलाच्या मुरंब्याचे काय? बेल, कुडा, सुंठ, ताक यांचा उपयोग आयुर्वेदात 'ग्रहणी' या विकारात सांगितला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहणी आणि आयबीएस एकच असे म्हणता येत नाही, पण लक्षणे बरीच जुळतात. १९८९ साली वाराणसीच्या संशोधकांनी १६९ रुग्णांवर बेल आणि ब्राह्मी यांच्या मिश्रणाची सहा आठवड्यांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. मिश्रणाने ६४.९ टक्के रुग्ण सुधारले, त्या काळच्या प्रचलित औषधांनी ७८.३ टक्के, तर प्लासिबोने ३२.७ टक्के. पातळ होणाऱ्या रुग्णांना मिश्रणाचा विशेष उपयोग झाला. पण सहा महिन्यांहून अधिक काळ पाठपुरावा केला तेव्हा तक्रार उलटण्याचे थांबवण्यात दोन्ही उपचार प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाहीत. हा शेवटचा भाग बेलाची जाहिरात करणारेही सांगत नाहीत आणि बेलाला हसणारेही मधला आकडा सांगत नाहीत. अशी आणखी मोठी चाचणी आपल्याच देशात व्हायला हवी.

आल्याची हकिकत थोडक्यात. अमेरिकेत ४५ रुग्णांचे तीन गट करून २०१४ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. प्लासिबोच्या गटात १५ पैकी ८ जणांना आराम पडला, रोज एक ग्रॅम आले घेणाऱ्यांत ७ जणांना आणि दोन ग्रॅम घेणाऱ्यांत ५ जणांना! इतक्या लहान गटांवरून आले वाईट असे म्हणता येणार नाही; चांगले असेही नाही. ओव्यातल्या थायमॉलने किंवा बडीशेपेतल्या सुगंधी तेलाने प्राण्यांच्या आतड्याचा स्नायू सैलावतो असे प्रयोगशाळेत दिसते, पण माणसांच्या आयबीएसबाबत पेपरमिंटइतका पुरावा त्यांच्यामागे जमलेला नाही. चिमूटभर ओव्याने अपायही नाही.

अपाय होतो तो दुसऱ्या दोन वाटांनी. 'पोट साफ' करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारून पळवते. आधीच चिडलेल्या आतड्यात त्याने कळा वाढतात. ज्येष्ठमध जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढतो, रक्तातले पोटॅशियम घटते. झाडापासून आले म्हणजे निर्धोक, असे नसते.

दुसरी वाट मी घरातच पाहिली. माझ्या मावशीला पोटात दुखून पातळ व्हायचे. "उष्णता झाली आहे" असे म्हणत ती आठ महिने बेलाचा मुरंबा आणि ताक घेत राहिली. त्याने तिला बरेही वाटायचे. त्या आठ महिन्यांत तिचे वजन नऊ किलोंनी उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. आम्ही म्हणालो, वय झाले. तपासणीत निघाला आतड्याचा क्षयरोग. सहा महिने औषधे घेऊन ती बरी झाली, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, इतके दिवस काय करत होता, असा. वजन उतरणे, ताप, शौचावाटे रक्त, रक्तक्षय, दुखण्याने किंवा शौचाच्या घाईने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच तक्रार सुरू होणे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणे, यातले काहीही असेल तर ते चिडखोर आतड्याचे लक्षण समजून डबी उघडायची नाही, आधी तपासणी.

सरांनी निवृत्तीच्या आदल्या वर्षी एकदाची तपासणी करून घेतली. रक्त, विष्ठा, दुर्बीण, सगळे ठीक निघाले. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून त्यांना वीस मिनिटे समजावून सांगितले, आवेच्या गोळ्या बंद केल्या आणि रात्री पाण्यातून इसबगोल सुरू केला. त्या वर्षी ते सहलीला आले. डबी खिशात होतीच. आम्ही विचारले, "सर, गुण कशाचा?" ते म्हणाले, "त्या वीस मिनिटांचा किती आणि इसबगोलाचा किती, ही वजाबाकी एका माणसावर करता येत नाही."